घरी जोडलेला ट्रान्समीटर

भारतातल्या हौशी रेडिओचा इतिहास सांगताना एक गोष्ट ठरल्यासारखी सांगितली जाते. परदेशी सेट परवडत नव्हते, आयातीवर बंधनं होती, म्हणून इथल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींनी घरीच ट्रान्समीटर जोडले. पुढे आयात सोपी झाली, तयार सेट आले आणि सोल्डरिंग आयर्न माळ्यावर गेलं. या हिशेबात घरचा सेट म्हणजे दुष्काळात खाल्लेली कंदमुळं. पीक आलं की त्यांची आठवणही नको. ही मांडणी साफ खोटी नाही, पण ती परिस्थितीलाच कारण समजते. स्वतःच्या हाताने जोडणं हा या छंदाचा पाया आहे, ती टंचाईपायी पत्करलेली तडजोड नव्हे, असं मला ठामपणे वाटतं. सुटे भाग कुठून आणायचे, कोणते व्हॉल्व्ह वापरायचे, तांब्याची तार कशावर गुंडाळायची, हे टंचाईने ठरवलं. जोडायचं की नाही, हे तिने ठरवलं नाही. भारतातला, आणि त्यातही मुंबईतला, या छंदाचा इतिहास नीट पाहिला तर हे दिसतं.

सुरुवात 1920 च्या दशकापासून करावी लागेल. अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी 1921 मध्ये कलकत्त्यात 2जेके या संकेतनावाने काम सुरू केलं. भारतातले पहिले हौशी रेडिओवाले म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. ‘व्हीयू’ ही भारतीय संकेतनावांची ओळख 1929 साली आली. मधल्या काळात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे रेडिओ क्लब निघाले. बॉम्बे प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबचे कार्यक्रम जून 1923 मध्ये हवेत गेले. मद्रासच्या क्लबने 31 जुलै 1924 पासून नियमित प्रक्षेपण सुरू केलं. त्यामागे सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी होते. त्यांनी इंग्लंडहून सुटे भाग आणले आणि 40 वॉटचा ट्रान्समीटर जोडला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं ते 23 जुलै 1927 रोजी, म्हणजे या क्लबांनंतर काही वर्षांनी, आणि ती कंपनी 1930 मध्ये दिवाळखोरीत निघाली. आपण ज्याला आकाशवाणीचा पूर्वेतिहास म्हणतो त्याची पहिली पानं हौशी लोकांनी लिहिलेली आहेत. आता टंचाईच्या सिद्धांताला इथेच पहिली अडचण येते. त्या काळात हे करणारे लोक गरीब नव्हते. तिशीच्या दशकाच्या मध्यात देशभरात पन्नासही परवानाधारक नव्हते आणि त्यांतले बहुतेक ब्रिटिश लष्करी अधिकारी होते. पैसा होता, बोटीने माल मागवण्याची सोय होती, ओळखीपाळखी होत्या. तरीही ते जोडतच होते, कारण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आपला आवाज पोहोचवायचा तर तो आपण बांधलेल्या यंत्रातून पोहोचवायचा, यातच त्यांना गोडी होती.

कायद्याकडे पाहिलं तर हीच गोष्ट वेगळ्या बाजूने दिसते. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने तारायंत्रावर सरकारची मक्तेदारी प्रस्थापित केली. 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने आणखी पुढे जाऊन परवान्याशिवाय वायरलेसचं यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला. वापरणं दूरच, घरात असणंच बेकायदा. एवढ्या कडक कायद्यातही सरकारने हौशी माणसासाठी एक दार उघडं ठेवलं. आंतरराष्ट्रीय नियमांत हौशी सेवेची व्याख्या आहे आणि भारताच्या 1978 च्या नियमांनीही ती धरली. तिच्यात पैशाचा लोभ न ठेवता स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क साधणं आणि तांत्रिक शोध घेणं, हे हेतू सांगितले आहेत. यात ‘स्वतः शिकणं’ पहिल्या क्रमांकावर आहे, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. परीक्षेतही नुसती बोलण्याची शिस्त तपासत नाहीत. ऑसिलेटर कसा चालतो, हार्मोनिक्स कशी दाबायची, एरियलची लांबी कशी काढायची, हे विचारतात. पोलिसांच्या किंवा विमानतळाच्या ऑपरेटरला कारखान्याचा मंजूर सेट वापरावा लागतो. हौशी परवानाधारकाने मात्र स्वतः ट्रान्समीटर बांधला, त्याची ताकद मर्यादेत ठेवली आणि तो दिलेल्या पट्ट्याबाहेर जाऊ दिला नाही, तर तो कायद्याच्या बाजूने उभा असतो. रेडिओ लहरींवर सरकारचा जवळजवळ संपूर्ण ताबा असलेल्या देशात एका सामान्य नागरिकाला प्रक्षेपणयंत्र बांधण्याची मुभा देणं ही मोठी गोष्ट होती. तिचा अर्थ सरकारलाही पुरता उमगला होता असं वाटत नाही. तो 1942 मध्ये उमगला.

दुसरं महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले आणि ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी हुकूम निघाले. लोकांनी यंत्रं नेऊन दिली. या हुकमामागचा विचार सरळ होता: यंत्र काढून घेतलं की धोका गेला. पण मुंबईतले हौशी रेडिओवाले नरिमन प्रिंटर, संकेतनाव व्हीयू2एफयू, यांनी युद्धाच्या सुरुवातीच्या काळात ‘आझाद हिंद रेडिओ’ नावाचं एक छोटं केंद्र चालवून पाहिलं. नेताजींच्या बर्लिनच्या केंद्राशी त्याचा संबंध नाही. प्रिंटर यांचं केंद्र लगेच बंद पाडलं गेलं. मग 8 ऑगस्ट 1942 रोजी गवालिया टँकवर ‘भारत छोडो’चा ठराव झाला, पहाटे नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली, आणि उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर अशा तरुण मंडळींनी रेडिओचा विचार केला. त्यांना कार्यक्रम लिहिता येत होते, आवाज होता, बातम्या आणणारी माणसं होती. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते पाठीशी उभे राहिले. ट्रान्समीटर मात्र कोणत्याही दुकानात मिळण्यासारखा नव्हता. तो जोडून दिला नरिमन प्रिंटर यांनी. सामान मिळालं ते शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांच्याकडून, म्हणजे काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्या घराण्याकडून. ऑगस्ट संपता संपता काँग्रेस रेडिओ हवेत आला. पुढचे सुमारे अडीच महिने त्याने चौपाटीजवळचं सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचं अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला असे पत्ते बदलत पोलिसांच्या शोधगाड्यांना हुलकावणी दिली. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप आणि आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरमध्ये झालेले अत्याचार, या बातम्या वर्तमानपत्रांना छापता येत नसताना या यंत्रातून लोकांपर्यंत गेल्या.

या केंद्राची जी लहर नोंदलेली आहे ती 42.34 मीटरची. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागलं की वारंवारिता येते सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ. हौशी रेडिओच्या काही नोंदींत 7.12 असाही आकडा आहे. यांपैकी कोणताही धरला तरी तो हौशी मंडळींच्या 40 मीटरच्या पट्ट्यात बसतो, आणि माझ्या मते हा योगायोग नाही. त्या काळच्या घरगुती शॉर्टवेव्ह सेटवर लोक 49, 31, 25, 19 मीटरवर परदेशी केंद्रं ऐकत. श्रोत्यांच्या सवयीचा विचार करून जागा निवडायची असती तर त्या पट्ट्यांच्या आसपास निवडता आली असती. पण ट्रान्समीटर बांधणाऱ्या हौशी माणसाच्या हाताला कोणती लहर सरावलेली होती? 7 मेगाहर्ट्झसाठी किती वेढ्यांची कॉइल लागते, व्हॉल्व्हला कुठे ताण पडतो, सूर्य मावळल्यावर ही लहर कुठवर जाते, हे त्याला पाठ होतं. या लहरीच्या अर्ध्या लांबीचा डायपोल साधारण 20 मीटरचा होतो, म्हणजे गिरगावातल्या चाळीच्या किंवा बंगल्याच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा तो ताणता येतो. कमी उंचीवर ताणलेल्या अशा तारेतून लहर बरीचशी वर जाते, आयनमंडलावरून परत येते आणि काहीशे किलोमीटरच्या पट्ट्यात सर्वदूर पसरते; रात्र वाढत जाते तसतशी तिची झेपही वाढते. सरकारने 1939 मध्ये यंत्रं जमा करून घेतली होती, पण ही माहिती जमा करून घेता येण्यासारखी नव्हती. ती लोकांच्या बोटांत आणि कानांत होती. ज्यांना फक्त विकत घेतलेला सेट वापरायचं माहीत होतं, त्यांचा छंद सेटबरोबरच पोलिस ठाण्यात जमा झाला असता.

यावर एक रास्त आक्षेप येतो. काँग्रेस रेडिओचे भाग शिकागो रेडिओच्या साठ्यातून आले, म्हणजे बाजारातून आले. मग त्याला घरचा ट्रान्समीटर कसं म्हणायचं? पण कोणत्याही हौशी माणसाने व्हॉल्व्ह काच फुंकून घरी बनवलेला नाही, निदान अपवाद सोडून. घरी बनवणं याचा अर्थ नेहमीच सुटे भाग घेऊन त्यांचं सर्किट आपण ठरवणं, चासीवर मांडणं आणि ते चालेपर्यंत त्याच्या मागे लागणं असाच राहिला आहे. मोटवाने यांच्याकडे भाग होते, लाउडस्पीकर होते, धंद्याचं ज्ञान होतं. त्यांतून गुप्त शॉर्टवेव्ह केंद्र उभं करायला वेगळा हात लागला. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो टाळणं प्रामाणिक ठरणार नाही. ज्या हातांनी केंद्र उभं केलं त्याच हातांनी ते पाडलं. 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलिस पारेखवाडीत आले तेव्हा त्यांना वाट दाखवणारा तंत्रज्ञच होता, असं उषा मेहता पुढे सांगत. त्यांना 4 वर्षांची, बाबूभाई खाकर यांना 5 वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना 1 वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. उषाताई 1946 मध्ये येरवड्यातून बाहेर आल्या. छंदाचं कौशल्य माणसाला शूर बनवत नाही, हे यातून उघड होतं, आणि तसं मी म्हणतही नाही. पण ही घटना मूळ मुद्द्याला धक्का देत नाही, उलट त्याला धार आणते. पोलिसांच्या शोधगाड्या अडीच महिने फिरूनही जे करू शकल्या नाहीत ते एका माणसाने केलं, कारण सगळं ज्ञान त्याच्या आणि त्याच्यासारख्या एक-दोघांच्या हातात होतं. मुंबईत असे पन्नास हात असते तर एक पकडल्याने केंद्र मरण पावलं नसतं. ट्रान्समीटर बांधता येणारी माणसं किती कमी होती, याचं याहून कडू मोजमाप नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ मात्र टंचाईच्या बाजूने बोलतो, आणि तो पुरावा मी मान्य करतो. 1948 मध्ये महू इथल्या लष्कराच्या सिग्नल्स शाळेत अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. 1954 मध्ये त्याची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली आणि कारभार दिल्लीला गेला. याच सुमारास युद्धात वापरलेली यंत्रं लष्कराने मोडीत काढली आणि ती भंगार बाजारांत आली. 807 सारखे व्हॉल्व्ह, भक्कम व्हेरिएबल कंडेन्सर, लष्करी रिसीव्हरचे सांगाडे, क्वार्ट्झ क्रिस्टल: एका पिढीचा छंद यांवर चालला. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार ही त्याची ठिकाणं. इथे माणूस जे मिळेल त्यातून सेट बांधत होता, हे खरं. पण त्याला भंगारातही निवड करावी लागायची, आणि ती निवड करण्यासाठी आधी सर्किट समजलेलं असावं लागायचं. क्रिस्टलचंच पाहा. ट्रान्समीटरची वारंवारिता क्वार्ट्झच्या चकतीच्या जाडीवर ठरते. 7 मेगाहर्ट्झच्या आसपासची चकती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. बाजारातलं लष्करी क्रिस्टल हौशी पट्ट्याच्या जरा खाली पडलं, तर धारक उघडायचा, काचेच्या सपाट तुकड्यावर बारीक घासपूड आणि पाण्याचे थेंब टाकायचे आणि चकती बोटाच्या टोकाने इंग्रजी 8 च्या आकारात हलकेच फिरवायची, म्हणजे ती सगळीकडून सारखी झिजते. मग धुऊन, पुसून, पुन्हा बसवून रिसीव्हरवर ऐकायचं. जाडी कमी झाली की वारंवारिता चढते, आणि एकदा चढली की झिजलेला क्वार्ट्झ परत येत नाही. थोडी जास्त झाली तर चकतीवर पेन्सिलीचं शिसं घासून ती किंचित खाली ओढता येते, पण किंचितच. हे काम करणाऱ्याला क्वार्ट्झ का कंप पावतो हे कळलेलं असतं. त्याला तयार क्रिस्टल विकत मिळालं असतं तर त्याने ते घेतलंही असतं. पण त्यामुळे तो जोडणारा राहिला नसता, असं म्हणता येत नाही. त्याने तो वेळ पुढच्या ॲम्प्लिफायरला दिला असता. टंचाईने त्याच्या कामाची जागा ठरवली, कामाची ओढ ठरवली नाही.

हे म्हणणं पडताळायची संधी इतिहासाने 1984 नंतर दिली. राजीव गांधी स्वतः व्हीयू2आरजी या संकेतनावाचे हॅम होते. त्यांच्या काळात हौशी वायरलेस यंत्रांवरचं आयात शुल्क माफ झालं, परवानाधारकांची संख्या वाढू लागली, आणि तयार जपानी सेट टेबलावर दिसू लागले. टंचाई हेच कारण असतं तर घरी जोडण्याचा प्रकार इथे संपायला हवा होता. पुष्कळांपुरता तो संपलाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. किल्लारीच्या भूकंपासारख्या आपत्तीत वायरलेस घेऊन धावून गेलेल्यांनी खात्रीचा कारखानी सेट हातात घेणंच शहाणपणाचं होतं; ढिगाऱ्याशेजारी प्रयोग करत बसायचं नसतं. पण नेमक्या या सुबत्तेच्या काळात, 2003 मध्ये, हैदराबादच्या अश्हर फरहान (व्हीयू2ईएसई) यांनी बिटएक्स20 हा सिंगल साइडबँड सेट मांडला आणि तो जगभर जोडला गेला. त्यात तेच ॲम्प्लिफायर उलटसुलट दोन्ही दिशांनी वापरले होते, एका बाजूने ऐकताना आणि दुसऱ्या बाजूने बोलताना, त्यामुळे भागांची संख्या निम्म्याच्या जवळ आली. फिल्टरसाठी संगणकांत वापरतात तसे 10 मेगाहर्ट्झचे स्वस्त क्रिस्टल मूठभर घेऊन त्यांतून एकमेकांशी जुळणारे निवडायचे. ट्रान्सफॉर्मरसाठी टीव्हीच्या एरियलमध्ये असतात ते बॅलन कोअर. आणि कॉइल गुंडाळायला नळाचा वॉशर! शेवटच्या टप्प्यात वीजपुरवठ्याच्या सर्किटांसाठी बनवलेला साधा आयआरएफ510 मॉस्फेट.

कोणी म्हणेल, हा तर टंचाईचाच पुरावा झाला. नळाचा वॉशर वापरावा लागतो म्हणजे कॉइल गुंडाळण्यासाठीचा कड्यासारखा चांगला टोरॉइड मिळत नव्हता. हैदराबादेत तो सहज मिळत नव्हता, हे बरोबर. पण बिटएक्स अमेरिकेत, युरोपात आणि ऑस्ट्रेलियातही लोकांनी बांधला. तिथे टोरॉइड पोस्टाने दोन दिवसांत घरी येतो आणि तयार सेटचीही वाण नाही. त्या लोकांना गरज नव्हती, त्यांना रस होता. प्रत्येक भाग कशासाठी आहे हे कागदावर समजावून सांगणारं आणि कुणाच्याही गावच्या बाजारात जमवता येईल असं यंत्र त्यांना हवं होतं. भारतीय टंचाईत घडलेला हा आराखडा टंचाई नसलेल्या देशांत रुजला, कारण दोन्हीकडच्या जोडणाऱ्यांची भूक एकच होती. त्याच मालिकेतले पुढचे सेट, बिटएक्स40 आणि 2017 चा मायक्रोबिटएक्स, तयार बोर्डाच्या रूपात जगभर गेले. त्यांच्या कॉइल हैदराबादच्या स्त्रियांच्या एका गटाने हाताने गुंडाळल्या. या शेवटच्या तपशिलाला मी फार महत्त्व देतो, कारण पुरुषांच्या मानल्या गेलेल्या या छंदातलं सगळ्यात नाजूक काम इथे स्त्रियांच्या हातांतून झालं, आणि त्यावर जगभरातले सेट चालले.

आता उरतो तो आजचा आक्षेप. संगणकाने रेडिओ गिळला आहे. जे काम पूर्वी कॉइल आणि कंडेन्सर करायचे ते आता चिपवरचा प्रोग्रॅम करतो; मग सोल्डरिंगऐवजी कोड लिहिला तर ते घरी बनवणं म्हणायचं का? मी म्हणेन, हो, पण एका अटीवर: आपण काय बदललं आणि त्याचा लहरीवर काय परिणाम झाला, हे करणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा साधारण 1 किलो वजनाचा उपग्रह बांधला आणि इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 ने 22 जून 2016 रोजी तो अवकाशात सोडला. पृथ्वीवरच्या एका ठिकाणाहून आलेला छोटा संदेश साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणाच्या डोक्यावर आल्यावर तो खाली द्यायचा, हौशी रेडिओच्या लहरींवर, असं त्याचं काम. दिशा सांभाळण्यासाठी त्याला मोटर नव्हती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने तो स्वतःला वळवणार होता. विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या एकामागून एक पास होऊन गेल्या आणि काम पुढच्यांच्या हाती आलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेला घर म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल. पण विकत न घेता स्वतः आखलेला, स्वतः जोडलेला आणि चालवण्यासाठी हौशी परवान्याच्या नियमांत उभा असलेला हा ट्रान्समीटर प्रिंटर यांच्या 42.34 मीटरच्या ट्रान्समीटरपेक्षा जातीने वेगळा नाही. मुंबईत एकेकाळी जे ज्ञान दोन-तीन हातांत होतं ते पुण्यात तुकडीमागून तुकडीला शिकवलं गेलं, हा मात्र मोठा फरक आहे, आणि 1942 च्या नोव्हेंबरमध्ये नेमकं तेच कमी पडलं होतं.